ज्याची तार त्याच्या हाती

शर्यत सायकलींची होती आणि माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. कारण टिळकवाडीत अजून काही मंडळी अशी आहेत, की 'त्या शर्यतीचा घोळ उपेंद्र मास्तरांनी घातला' असं बिनदिक्कत म्हणतात. मी घोळ घातला नाही. मी फक्त बिनतारी यंत्र चालवत होतो. घोळ त्या यंत्राभोवती आपोआप गोळा झाला.

हे सन एकोणीसशे अडतीसचं. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि माझ्याकडे सरकारी परवाना असलेलं बिनतारी यंत्र होतं. हौशी परवाना. म्हणजे यंत्र आपण बांधायचं, तारा आपण ताणायच्या, शेजाऱ्यांची बोलणी आपण खायची आणि त्या बदल्यात सरकार आपल्याला दुसऱ्या तसल्याच माणसाशी मोर्सच्या खुणांनी कट्ट-कडकट्ट करत बोलू देतं. माझा तसला दुसरा माणूस म्हणजे निपाणीचा हरिभाऊ. तंबाखूच्या वखारीत कारकून, पण हात असा चपळ की त्याची कट्टकट्ट ऐकताना मला धाप लागायची. रोज संध्याकाळी मी विचारायचो, "कसा आहेस? माझा आवाज कसा येतो?" तो म्हणायचा, "बरा. माझा?" मी म्हणायचो, "बरा." एवढ्यावर आम्ही दोघं तृप्त होऊन झोपायला जायचो. आमची विनोदिनी म्हणायची, "याला पोस्टकार्ड पुरलं असतं." बायकोला विज्ञान समजावू नये, या निर्णयाला मी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आलो होतो.

तर आमच्या व्यायामशाळेचे अध्यक्ष हणमंतराव वकील. त्यांनी टिळकवाडी ते निपाणी अशी शेहेचाळीस मैलांची सायकल शर्यत काढली. सोळा गडी. आणि एक दिवस सकाळीच माझ्याकडे येऊन, उभ्या उभ्या म्हणाले, "मास्तर, निपाणीत पहिला कोण आला ते इथं त्या क्षणाला कळलं पाहिजे. तिकडं हरिभाऊ, इकडं तुम्ही. बेळगाव जिल्ह्यात असं कुणी केलेलं नाही."

कुणी केलेलं नाही, या तीन शब्दांनी आजवर किती सभ्य माणसांचं वाटोळं केलंय, याची मोजदाद कुणीतरी करायला हवी. मी 'हो' म्हणालो.

आता भानगड अशी, की हौशी परवान्यावर दुसऱ्यांचे निरोप पाठवायची सक्त बंदी. लोक असे फुकट निरोप पाठवू लागले तर तारखात्यानं काय करायचं? म्हणून खास परवानगीचा अर्ज केला. उत्तरादाखल एक छापील फॉर्म आला. त्यात पहिलाच प्रश्न, 'जहाजाचे नाव'. दुसरा, 'बंदर'. बिनतारी यंत्र बहुधा जहाजावर असतं, म्हणून फॉर्म जहाजांचाच छापलेला. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'जहाज नाही. टिळकवाडी.' महिन्याभरानं पत्र आलं, की जहाज नसल्याचा दाखला जोडावा.

मी मामलेदार कचेरीत गेलो. अव्वल कारकून म्हणाला, "तुमच्याकडं जहाज नाही हे आम्हाला कसं कळणार? पंचनामा लागेल." मी म्हटलं, "अहो, बेळगावला समुद्र नाही." तो म्हणाला, "समुद्राचं काय ते समुद्राला विचारू. तुमच्या घरात काय आहे ते बघावं लागेल." शेवटी तलाठी आला, दोन पंच आले आणि आमच्या मागल्या-पुढल्या अंगणाची पाहणी झाली. तो पंचनामा मी अजून जपून ठेवलाय. 'सदर आवारात एक तुळशीवृंदावन, दोन बादल्या व एक मोडका पाळणा आढळला. जहाज आढळले नाही.' शेजारच्या राजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय हो मास्तर, चोरीबिरी झाली का?" मी म्हटलं, "नाही, जहाज शोधतायत." त्यानंतर आठ दिवस त्या विनोदिनीला माझ्या तब्येतीबद्दल हळू आवाजात विचारत होत्या.

परवानगी आली. एका दिवसापुरती, आणि अटींसह. निरोप फक्त शर्यत समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे हणमंतरावांनी, पाठवलेले किंवा अध्यक्षांच्या नावे आलेले असावेत. कोणाही खासगी इसमाचा वा खासगी इसमाच्या नावे एक शब्द गेला-आला तर परवाना रद्द. आणि त्यावर नजर ठेवायला खात्याचे निरीक्षक परशराम हुंदरे जातीनं हजर राहणार.

त्या परवान्यासाठी मी दोन वर्षं खेटे घातले होते. परीक्षा दिली होती. हेडमास्तरांकडून चारित्र्याचा दाखला आणला होता. माझ्या आयुष्यात मी स्वतःहून मिळवलेली ती एवढीच एक गोष्ट. बाकी नोकरी वडिलांनी लावली, आणि लग्न मामांनी.

राहता राहिला प्रश्न माझ्या कानाचा. हरिभाऊ घाईत असला की मी दहा शब्द ऐकतो आणि त्यातले सात बरोबर असतात. सगळ्या गावासमोर हे नको, म्हणून मी पलीकडच्या गल्लीतल्या दत्तोपंतांना गाठलं. दत्तोपंत म्हणजे निवृत्त तारमास्तर. एकतीस वर्षं तार घेतली. बारीक अंगकाठी, काळी टोपी, आणि चेहरा असा की त्यावर काही लिहिलंय असं कधी वाटायचंच नाही. मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही तोच चेहरा, दाढ काढली तेव्हाही तोच.

"येईन," ते म्हणाले. "पण काम खात्याच्या रीतीनं होईल."

"अर्थात," मी म्हणालो. मला त्या वेळी ते वाक्य साधं वाटलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सातला आमच्या फाटकासमोर दोनशे माणूस. व्हरांड्यात टेबल, टेबलावर यंत्र, खाली मोटारीची बॅटरी आणि वर आमच्या छपरापासून राजाबाईंच्या नारळापर्यंत ताणलेली तार. त्या तारेवर राजाबाईंनी पहाटेच दोन लुगडी वाळत घातली होती, ती उतरवताना शब्दानं शब्द वाढला. "रिकामी दोरी दिसली म्हणून टाकली," त्या म्हणाल्या. "त्यात काय तुमचा मोर्स ओला होतोय?" निरीक्षक हुंदरे खुर्ची टाकून, वही मांडीवर घेऊन बसले होते. माणूस सज्जन. पोहे दोनदा घेतले, पण वही काही मिटली नाही.

दत्तोपंतांनी आपली दौत, टाक, कोरी पाकिटं आणि डिंकाची बाटली आणली होती. डिंक कशाला, ते मी विचारलं नाही.

सोळा गडी सुटले. त्यात पंधरा जणांच्या सायकली पुसून लखलखीत केलेल्या, आणि चौदा नंबरचा तो भरमू. पिरनवाडीचा. रोज पहाटे आमच्या भागात सायकलवरून दूध घालायचा. त्याच सायकलवर तो शर्यतीत उतरलेला. मागं किटल्या अडकवायचे दोन्ही लोखंडी आकडे तसेच. "काढ की रं ते," कुणीतरी म्हटलं. "न्हाय वो, सांजच्याला दूध न्यायाचं हाय की," म्हणाला आणि निघाला. त्या दिवशी रतीब घालायला त्याची बायको मालुबाई डोक्यावर चरवी घेऊन चालत आली होती. रतीब संपल्यावर ती आमच्या फाटकाशीच टेकून राहिली. शर्यतीकडं बघत नव्हती, लोकांकडं बघत होती. तिचा माणूस त्या सगळ्या साहेबलोकांत पळतोय, याचा आनंद तिला लपवता येत नव्हता.

नऊपर्यंत सगळं सुरळीत. हरिभाऊचे निरोप यायचे, 'मांडव उभा', 'बँड आला'. दत्तोपंत लिहायचे, घडी घालायचे, पाकिटात सारून डिंक लावायचे, आणि शेजारीच बसलेल्या हणमंतरावांची सही घेऊन त्यांच्या हातात द्यायचे. हणमंतराव पाकीट फोडून मोठ्यांदा वाचायचे. लोक टाळ्या वाजवायचे. मी आपला अदबीनं बॅटरीकडं बघत होतो.

मग हणमंतरावांना एकदम साक्षात्कार झाला, की निपाणीत पहिल्या गड्याला हार घालायला आपण नसलो तर तो मान तिथला कुठला तरी तंबाखूवाला खाऊन जाईल. ते उठले, मोटारीत बसले आणि धूळ उडवत गेलेसुद्धा.

सव्वादहाला निरोप आला. दत्तोपंतांनी लिहून घेतला, घडी घातली, डिंक लावला, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"कोण आला पहिला?" दोनशे माणूस ओरडलं.

"निरोप अध्यक्षांच्या नावे आहे," दत्तोपंत म्हणाले. "अध्यक्ष हजर नाहीत. आले की मिळेल."

मला वाटलं विनोद करतायत. पण दत्तोपंतांना तो प्रकार जमत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "अहो, यासाठीच तर हा सगळा खटाटोप!" ते म्हणाले, "ज्याची तार त्याच्याच हाती. एकतीस वर्षं. तुम्ही हो म्हणाला होतात." मी हुंदऱ्यांकडं बघितलं. ते म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. अट तशीच आहे." यंत्र माझं, बॅटरी माझी, छप्पर माझं, आणि माझ्याच व्हरांड्यात पहिला कोण आला हे मलाच कळेना. कानाला लावायचं यंत्र एकच, ते दत्तोपंतांच्या डोक्यावर. एकामागून एक पाकीट खिशात जात होतं. खिसा फुगत चालला होता. लोकांनी मला जे ऐकवलं त्यातलं 'निस्ता बँड तरी लावा की' हे सगळ्यात सौम्य होतं.

साडेअकराच्या सुमारास एक निरोप घेताना दत्तोपंत मध्येच थांबले. हरिभाऊला पुन्हा पाठवायला सांगितलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग लिहून, डिंक लावून ते पाकीटही खिशात. कुणी तरी म्हणालं, "काहीतरी वाईट असणार." मी म्हटलं, "गप्प बसा हो." पण ते वाक्य व्हरांड्यात राहिलं ते राहिलंच.

सव्वाबाराला निपाणीकडून सर्व्हिस मोटार आली. कंडक्टर मष्णू खाली उतरून पान थुंकत म्हणाला, "काय मास्तर, शर्यत हाय म्हनं. तवंदीच्या घाटात एक सायकल आडवी पडल्याली बघितली. माणूस काय दिसला न्हाय. मागं दोन आकडं हुतं बघा, किटल्यांचं."

फाटकाशी टेकलेली मालुबाई ताठ झाली. "कसलं आकडं?" तिनं विचारलं. मष्णूनं हातानं दाखवले. ती म्हणाली, "त्ये आमच्या घरातलं हाईत." आणि सरळ व्हरांड्यात चढून दत्तोपंतांसमोर उभी राहिली. "अण्णा, तुमच्या खिशात हाय न्हवं आमच्या माणसाचं? मगाशी चष्मा पुसला तुम्ही. काय झालंय सांगा."

दत्तोपंत म्हणाले, "बाई, ते तुमच्या नावचं नाही."

"मग कुणाच्या नावचं? माणूस माझा हाय!"

"निरोप अध्यक्षांचा आहे."

मी त्यांना हात जोडले. खरंच जोडले, सगळ्यांदेखत. दोघातिघांनी खिशात हात घालायची भाषा केली तेव्हा दत्तोपंत उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. चेहरा कोराच. "मी मेलो तर काढून घ्या," म्हणाले. "जिवंतपणी नाही." मालुबाई रडत नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होती, तिथं काही सापडतंय का म्हणून, आणि मला ते बघवेना.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, पोलीस बोलवा. दुसरा म्हणाला, मोटार करून जा. म्हणजे पावणेदोन तास. राजाबाई म्हणाल्या, देवाला नारळ बोला, आणि कुणाचा नारळ ते बघून ठेवा. मष्णूला लोकांनी फैलावर घेतलं, की सायकल बघितलीस तर थांबला का नाहीस? तो म्हणाला, "टायम हुता वो!" त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला, की माझ्या हातून काहीतरी वेडंवाकडं झालं असतं.

तवंदीचा घाट निपाणीपासून जेमतेम पाच मैल. हरिभाऊ तिथं बसलाय. सायकलवरून माणूस पाठवला तर अर्ध्या तासात पोचेल. नुसतं त्याला विचारायचं होतं. पण विचारायचं कुणाच्या नावे? अध्यक्ष इथं नाहीत, आणि तिकडं पोचल्याचीही खबर नाही. मालुबाई खासगी इसम. मीही खासगीच. निरोप गेला की परवाना गेला. हुंदऱ्यांनी माझ्या मनातलं ओळखलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, विचार करा हं. मला लिहावं लागतं."

मी विचार केला. लाज वाटते सांगायला, पण केला. दोन वर्षांचे खेटे आठवले. कदाचित दत्तोपंतांच्या खिशात उत्तर असेलच, कदाचित हरिभाऊनं माणसं पाठवलीही असतील, मग आपण कशाला, असं स्वतःला सांगून बघितलं. मनाची अशी समजूत घालण्यात आम्हा मास्तर लोकांचा हातखंडा असतो.

विनोदिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "रोज संध्याकाळी त्या हरिभाऊंना 'कसा आहेस' म्हणून विचारता. आज एकदा दुसऱ्या कुणाचं विचारा."

मी खुर्चीवर बसलो.

"हा निरोप परवान्याबाहेरचा आहे," दत्तोपंत म्हणाले. "मी पाठवणार नाही. उत्तर आलं तर घेईन. घेणं माझं काम आहे."

"पाठवतो मीच," मी म्हटलं. पहिलाच शब्द तीनदा चुकला. गावभर ज्याची कट्टकट्ट गाजली होती तो मास्तर बालवर्गातल्या पोरासारखा अडखळत होता आणि दोनशे माणूस श्वास रोखून ऐकत होतं. एकालाही त्यातलं काही कळत नव्हतं, एवढाच काय तो दिलासा. चौदा नंबर कुठे? सायकल तवंदी घाटात पडली आहे. माणूस शोधा. उत्तर मालुबाईंच्या नावे. मी पाठवत असताना दत्तोपंत मागून म्हणाले, "नवऱ्याचं नाव घाला पत्त्यात. नुसत्या मालुबाई छप्पन्न असतील." मी घातलं. हुंदऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं, बारा पस्तीस.

हरिभाऊचं उत्तर तीन मिनिटांत आलं. दत्तोपंतांनी लिहिलं, डिंक लावला, आणि माझ्यापुढं धरलं. "तुमच्या नावे आहे. सही करा." मी सही केली. माझ्याच टेबलावर, त्यांच्या टाकानं. आत लिहिलं होतं, 'चौदा आला नाही. वाटलं दमून मोटारीनं तिकडे परतला. आत्ता माणसं धाडतो.'

म्हणजे निपाणीवाल्यांना वाटत होतं तो आमच्याकडं आहे, आणि आम्हाला वाटत होतं तो त्यांच्याकडं आहे. दोन तासांपासून तो कुणाकडंच नव्हता.

हे मी मालुबाईला सांगितलं. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि रिकामी चरवी पदरानं पुसायला लागली. पुसून झाली की पुन्हा पुसायची. विनोदिनी तिच्या शेजारी जाऊन बसली. मी बॅटरीचा काटा बघत होतो. तो उतरत होता. मी ओरडलो, "कुणी हलू नका," जणू काही माणसं हलल्यानं बॅटरी संपते. पण सगळे खरंच हलायचे थांबले. राजाबाईसुद्धा. अर्धा तास गेला. मग पाऊण. मला शाळेतली सगळी स्तोत्रं आठवली आणि त्यातलं एकही पूर्ण येईना.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी दत्तोपंतांचा टाक चालायला लागला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. तोंड नेहमीचंच. मोठा निरोप होता, पाच ओळींचा तरी. त्यांनी लिहून संपवला, वाचून बघितला, घडी घातली आणि डिंकाची बाटली उघडली.

"अहो डिंक कसला लावताय!" मी किंचाळलो.

"उघडी तार देता येत नाही," ते म्हणाले. पाकीट चिकटवून त्यांनी वर बघितलं. "मालुबाई कोण?"

"मी की वो! मगाधरनं हितंच हाय!"

"नवऱ्याचं नाव?"

मालुबाईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. लग्नाला नऊ वर्षं झालेली. तिच्या तोंडून ते नाव कधी बाहेर पडलेलं नव्हतं. घरात 'अवो', बाहेर 'आमचं माणूस'. विनोदिनी पुढं होऊन म्हणाली, "मी सांगते, तिच्या नवऱ्याचं नाव..." दत्तोपंत म्हणाले, "नाही. ज्याची तार त्यानंच सांगायचं. चुकीच्या बाईच्या हाती असली तार पडली तर?" राजाबाई मागून पुटपुटल्या, "उखाण्यात घे गं. उखाण्यात चालतं." आणि खरं सांगतो, त्या बिचारीनं क्षणभर डोळे मिटून उखाणा आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले. मग तिनं पाकिटाकडं बघितलं.

"भरमू!" ती ओरडली. "भरमू! भरमू त्याचं नाव! आता तरी वाच की रं मुडद्या!"

दत्तोपंतांना आयुष्यात कुणी मुडद्या म्हणालं नसावं. त्यांनी तिचा अंगठा घेतला, पाकीट दिलं. तिनं ते उलटंपालटं केलं आणि परत त्यांच्यापुढं धरलं. "मला कुठलं वाचाय येतंय!"

"वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची मुभा आहे," असं म्हणत त्यांनी पाकीट फोडलं आणि वाकून तिच्या कानात, तिलाच ऐकू जाईल असं, इंग्रजीचं मराठी करून सांगू लागले. आम्ही दोनशे जण तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती मटकन खाली बसली. मला वाटलं, संपलं.

"जित्ता हाय!" तिनं दोन्ही हातांनी जमीन थोपटली. "मांडी मोडल्या, लई रगत गेलंय, पर जित्ता हाय वो! खड्ड्यात पडलं हुतं आमचं माणूस! दवाखान्यात न्हेलंय!" आणि मग एवढा वेळ अडवलेलं सगळं रडू बाहेर आलं. विनोदिनी रडत होती. मष्णू कंडक्टर रडत होता. मी बॅटरी बंद केली आणि तोंड फिरवून तारा तपासत बसलो. तारांना काहीही झालेलं नव्हतं.

संध्याकाळी हणमंतराव परतले. जाताना वाटेत मोटार बंद पडून निपाणीला पोचायलाच त्यांना एक वाजला होता. डॉक्टरांचा निरोपही त्यांनीच आणला, की आणखी दोन तास तसाच पडला असता तर रक्त जाऊन गेलाच असता. "आणि बरं का मास्तर," ते म्हणाले, "मोटारीतून जाताना ती सायकल मीही पाहिली होती. म्हटलं कुणी आडोशाला बसला असेल. सभ्य माणसानं तिकडं काय बघायचं?" हुंदरे वही मिटून उभे राहिले. "मास्तर, मला तुमचं वाईट वाटतं. पण लिहिलंय ते लिहिलंय." मी म्हटलं, "लिहा. बारा पस्तीसच लिहा, छत्तीस नको."

मग दत्तोपंतांनी खिशातली पाकिटं एकेक सही घेऊन हणमंतरावांना दिली. पहिला कोण आला ते आता कुणी विचारलंही नाही. मी चष्मा पुसलेलं पाकीट बरोबर ओळखलं. हणमंतरावांनी फोडून वाचलं, 'जिलबी अद्याप पोचली नाही. बुंदी चालेल का कळवा.'

जिलबी. त्या बाईनं तासभर जिच्यासाठी त्यांच्या तोंडाकडं टक लावली, ती जिलबी. आणि या गृहस्थांना ते ठाऊक होतं. मी त्या क्षणी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर शिवी दिली असती आणि मी मास्तर आहे.

पंधरा दिवसांनी परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं. त्या दिवशी मी छपरावरची तार उतरवत होतो आणि दत्तोपंत न बोलावता आले. टोपी काढून खाली उभे राहिले आणि तार गुंडाळू लागले. मग मात्र माझा तोल सुटला. शिडीवरूनच म्हटलं, "एक शब्द, दत्तोपंत. 'तुझं नाही, जिलबीचं आहे' एवढंच तिला सांगितलं असतं तर काय खातं बुडालं असतं? तिचा जीव टांगणीला लागलेला बघवला तरी कसा तुम्हाला?"

त्यांनी तारेचे आणखी चार वेढे घातले.

"इन्फ्लुएंझाच्या साली," ते म्हणाले, "माझ्या खिडकीसमोर माणसं दिवसभर उभी असायची. मी तार घेताना माझं तोंड वाचायची. पहिल्या दिवशी एकाला दया येऊन मी म्हटलं, जा रे घरी, तुझं काही नाही, मालाची तार आहे. तो हसत गेला. त्याच्या मागं उभा होता त्याची तार आली. मी गप्प बसलो. तेवढ्यानंच त्याला कळलं. तार हातात पडायच्या आधी, रस्त्यावर, सगळ्यांसमोर खाली बसला." त्यांनी तारेचं टोक नीट आत खोचलं. "जिलबीचं सांगितलं असतं मास्तर, तर एक पंचविसाला मी तोंड मिटून नुसता लिहीत बसलो असतो तेव्हा तिनं काय समजायचं होतं? तेव्हा मला निरोपाच्या मध्यापर्यंत तरी कुठं ठाऊक होतं, माणूस जिवंत आहे की नाही? हरिभाऊनं सुरुवात केली ती 'खड्ड्यात सापडला' अशी."

शिडीवर उभ्या उभ्या मला आठवलं, सगळं उरकल्यावर दत्तोपंत मागल्या दारी गेले होते आणि विहिरीवर फार वेळ तोंड धूत होते. विनोदिनीनं मला तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, उन्हाचं असेल.

"तार इकडं द्या," दत्तोपंत म्हणाले. "छपराचा पत्रा कापेल हाताला."

मी दिली.